पट्ट्यात अडकलेले हिम : हिमगाडीच्या जन्मामागची खरी अडचण

१/
१९३४चा हिवाळा. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील वालकूर हे खेडे हिमाखाली गाडले गेले होते. जोझेफ-आर्माँ बोंबार्दिए या तरुण यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों अत्यवस्थ होता. अपेंडिक्सचा संसर्ग पोटभर पसरला होता आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता. रुग्णालय दूर होते, रस्ते बंद होते. इव्हों वाचला नाही.

२/
या प्रसंगातील दुःखद विरोधाभास असा, की त्याचे वडील कित्येक वर्षे हिमावर चालणारे वाहनच घडवण्याच्या खटपटीत होते. गॅरेज होते, इंजिने होती, हातात कसब होते. भरवशाची गाडी मात्र अजून तयार झाली नव्हती. घोडे अडले होते कुठे? या कथेचा गाभा त्या प्रश्नात आहे.

३/
बोंबार्दिए यांचा पहिला प्रयोग ३१ डिसेंबर १९२२चा. वय अवघे १५. एका घसरगाडीवर फोर्ड मॉडेल टीचे इंजिन आणि मागे विमानासारखा लाकडी पंखा! गाडी धावली, पण उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून वडिलांच्या काळजाचा ठोका चुकला. त्यांनी गाडी तत्काळ मोडून टाकायला लावली. चार वर्षांनी, १९२६ मध्ये, या मुलाने वालकूरमध्ये स्वतःचे गॅरेज थाटले.

४/
चाक हिमात रुतते, कारण सारा भार इवल्याशा जागेवर पडतो. भार पसरवायचा तर पुढे स्की आणि मागे लांब फिरता पट्टा हवा, हे तोवर सर्वांना उमगले होते. अमेरिकेतील मेन राज्याच्या आल्विन लोंबार्ड यांनी १९०१ मध्येच लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या पट्टाधारी वाफयंत्राचे पेटंट मिळवले होते. न्यू हॅम्पशायरचे व्हर्जिल व्हाइट मॉडेल टीला स्की आणि पट्टे जोडणारा संच विकत होते.

५/
मग उणीव कशाची? येथे मराठीतील एक भेद उपयोगी पडतो : हिम आणि बर्फ. आकाशातून पडते ते भुसभुशीत हिम. ते फिरत्या पट्ट्याच्या आत शिरते, चक्राच्या दातांमध्ये चेपले जाते, घर्षणाच्या उष्णतेने किंचित वितळते आणि गार लोखंडाला चिकटून पुन्हा गोठते. हिमाचा असा टणक बर्फ होतो.

६/
दातांच्या खाचा बर्फाने बुजल्या की चक्राचा घेर जणू वाढतो. पट्टा ताणला जातो, दात नीट बसत नाहीत, पट्टा उडी मारून निसटतो किंवा तुटतो. चालकाला भर थंडीत खाली उतरून बर्फ खरवडावा लागतो. ज्या हिमावर मात करायची, तेच यंत्राच्या पोटात जाऊन बसे.

७/
दातच नको म्हटले तर? तोही मार्ग आधी चोखाळला गेला होता. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारींची व्यवस्था पाहणारे फ्रेंच यंत्रज्ञ अडोल्फ केग्रेस यांनी लवचीक पट्टा योजला होता. पुढे सिट्रोएनच्या गाड्यांनी तो वापरून १९२२-२३ मध्ये सहारा वाळवंट ओलांडले. मात्र हा पट्टा केवळ घर्षणाने फिरे. मध्ये चिखल वा ओले हिम आले, की चाक जागच्या जागी घसरे.

८/
म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. दात नसतील तर पकड सुटते; लोखंडी दात असतील तर बर्फ बसतो.

९/
बोंबार्दिए यांनी १९३५ मध्ये यावर तोड काढली. दात ठेवले, पण लोखंड टाळले. चक्र लाकडाचे आणि त्यावर रबराचे आवरण. पट्टाही रबर व कापडाचा, त्यावर पोलादी आडव्या पट्ट्या. रबराला बर्फ लोखंडासारखा घट्ट धरत नाही. शिवाय रबर वाकते, दबते. त्यामुळे चिकटू पाहणारा थर तडकून गळून पडतो. २९ जून १९३७ रोजी या रचनेला पेटंट मिळाले.

१०/
त्यातून ‘बी-७’ ही गाडी जन्मली : ‘बी’ म्हणजे बोंबार्दिए, ७ म्हणजे आसने. डॉक्टर, धर्मगुरू, टपाल पोहोचवणारे असे हिवाळ्यातही घरी बसून न चालणारे लोक तिचे ग्राहक झाले. १९४२च्या सुमारास १२ आसनांची ‘बी-१२’ आली. आधीच्या चाकांच्या आऱ्यांमध्ये हिम साचत असे, म्हणून पुढे आऱ्यांऐवजी भरीव तबकडीची चाके बसवली गेली. अडचण तीच, फक्त जागा बदलली होती!

११/
१९४८ मध्ये क्यूबेक सरकारने रस्त्यांवरील हिम हटवण्याचा कायदा केला. जनतेची सोय झाली, पण वर्षभरात बोंबार्दिए यांच्या गाड्यांची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. ज्या बंद रस्त्यांमुळे त्यांनी मूल गमावले, ते रस्ते खुले होताच त्यांचा धंदाच धोक्यात आला. मग त्यांनी दलदलीत व जंगलात चालणारी पट्टाधारी वाहने बनवली.

१२/
छोट्या, एक-दोन जणांच्या गाडीचे जुने स्वप्न मात्र तसेच होते. हलके इंजिन बाजारात आले आणि थोरला मुलगा जेर्मँ याने सांधा नसलेला, अखंड रबरी पट्टा तयार करण्याची पद्धत शोधली. पोटात आडव्या पोलादी सळया, बाहेर सलग रबर. सांधाच नाही, तर हिम शिरायला फट कोठून मिळणार? १९५९ मध्ये ‘स्की-डू’ आली. पहिल्या हंगामात सुमारे २२५ गाड्या खपल्या.

१३/
पुढच्या पिढ्यांनी पट्ट्यात ओळीने खिडक्या ठेवल्या. आत आलेले हिम त्यांतून बाहेर पडते. पट्ट्याखालच्या लहान चाकांच्या जागी बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची आवरणे असलेले सरकते रूळ आले. गंमत अशी, की या रुळांना वंगण आणि गारवा हिमच पुरवते. पट्ट्याने उडवलेले हिम अनेक गाड्यांच्या इंजिनाचे पाणीही थंड ठेवते. म्हणून कोरड्या, कडक बर्फावर फार वेळ धावल्यास अशा गाड्या तापतात. हिम पूर्ण रोखायचे नसते. त्याला आत येऊ द्यायचे, पण मुक्काम करू द्यायचा नाही.

१४/
बोंबार्दिए १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाची कंपनी पुढे रेल्वे आणि विमानांपर्यंत पोहोचली. वालकूरमध्ये त्यांच्या कार्याचे संग्रहालय आहे. इव्हों गेला त्यानंतर अवघ्या वर्षभरात ते रबरी दात जुळून आले होते. हिमात अडकलेल्या कित्येक घरांपर्यंत डॉक्टर वेळेवर पोहोचले, ते त्या दातांच्या बळावर. त्यांच्या स्वतःच्या घरासाठी मात्र एका हिवाळ्याचा उशीर झाला होता.