काटा, दिशा आणि अंतर : विमानातील दिशादर्शकाचा इतिहास

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या लहानशा पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. किनारा, नद्या आणि होकायंत्र एवढ्यांवर त्यांचा मार्ग ठरला. पुढील दोन-तीन दशकांत वैमानिकाची नजर भूमीवरून काढून घेऊन एका तबकडीवरील काट्यावर खिळविली गेली. हा बदल केवळ यांत्रिक नव्हे. दिशा सांगण्याची एक नवी भाषा त्यातून जन्मास आली, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने तिकडे वळावे असे मला वाटते.

प्रथम आले ते रेडिओ-होकायंत्र. भूमीवरील प्रक्षेपक चहूकडे लहरी सोडतो. विमानातील वलयाकार आकाशिका त्या कोठून येतात ते हुडकते व काटा तिकडे वळतो. बेलिनी आणि तोसी यांनी 1907 च्या सुमारास सिद्ध केलेली दिक्शोधनाची पद्धती हा या विद्येतील एक आरंभीचा टप्पा होय. तथापि या काट्याची तबकडी सुरुवातीस स्थिर असे. तिच्यावरील शून्य म्हणजे उत्तर नव्हे, तर विमानाचे नाक. कोपरीवरून पश्चिमेकडे तोंड करून जाणाऱ्या विमानात सांताक्रूझच्या केंद्राकडे वळलेला काटा 315 अंश दाखवील. त्यात विमानाच्या रोखाचे 270 अंश मिळवावेत, बेरीज 585 होते. 360 वजा करावेत, म्हणजे 225 उरतात. ही नैऋत्य दिशा झाली. रात्री, पावसात, ताशी शेकडो मैलांच्या वेगात ही बेरीज मनात करावयाची.

भाषेत हाच भेद ‘डावीकडे’ आणि ‘नैऋत्येस’ या शब्दांत आहे. पहिला शब्द बोलणाऱ्याच्या देहाशी बांधलेला, दुसरा पृथ्वीशी. नव्या दर्शकात तबकडीच होकायंत्राच्या आज्ञेने फिरू लागली आणि बेरीज संपली : काट्याचे टोक केंद्राकडे जाण्याची दिशा दाखवी, शेपूट केंद्रापासून आपण कोणत्या दिशेस आहोत ते सांगे. वरील उदाहरणात टोक 225 वर, शेपूट 45 वर. दोन काटे असल्यास एक एकेरी, एक दुहेरी. आजच्या विमानांच्या विद्युत्पटलांवरही हाच संकेत चालू आहे. (यंत्रशाळेतील ‘बेअरिंग’ आणि वैमानिकाचे ‘बेअरिंग’ यांचा मराठीत होणारा गोंधळ येथे सोडून देऊ. ज्योतिषातील ‘दिगंश’ हा शब्द हाताशी असता तो वापरला गेला नाही, एवढेच म्हणतो.)

काट्याचे दोष ठाऊक होते. विजा चमकत असतील तर रेडिओ-होकायंत्राचा काटा केंद्र सोडून ढगाकडे वळतो. सायंकाळी व रात्री लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतात व काटा डळमळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या व्हीओआर केंद्रांनी यांतील बरेच दोष टाळले. तेथे दोन संकेतांच्या कलांतरावरून दिशा मिळते. परंतु एक मर्यादा दोहोंतही राहिली, आणि ती दोष नव्हे, स्वभाव आहे : एकट्या केंद्राकडे पाहणारा काटा ‘तिकडे’ म्हणतो, ‘किती दूर’ ते म्हणत नाही.

या स्वभावाचे मोल 7 जुलै 1962 च्या मध्यरात्री कळले. सिडनीहून बँकॉकमार्गे मुंबईस येणारे आलितालियाचे डीसी-8 विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले. सर्वच्या सर्व 94 माणसे मृत्युमुखी पडली. मुंबई अद्याप सुमारे 80 किलोमीटर दूर होती. दिक्चालनातील चुकीमुळे आपण मुक्कामाच्या जवळ आलो असे वैमानिकास वाटले व तो वेळेपूर्वीच खाली उतरला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. स्थान पडताळण्याची उपलब्ध साधने न वापरणे व किमान सुरक्षित उंची मोडणे ही आनुषंगिक कारणे म्हणून नोंदली गेली.

त्या रात्री काटे नेमके काय दाखवीत होते यावर मी काही म्हणत नाही. नकाशा मात्र पाहावा. जुन्नरच्या डोंगरातून मुंबई जवळजवळ पश्चिमेस आहे, आणि ठाण्याच्या खाडीवरून सांताक्रूझच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीकडे येणाऱ्या विमानासही ती पश्चिमेसच असते. दोन्ही ठिकाणी काट्याचे टोक जवळपास तेच सांगणार. मधे सह्याद्री आहे याची त्यास वार्ता नाही. अंतर मोजणारे निराळे यंत्र, दुसऱ्या केंद्राचा छेद, किंवा घड्याळ आणि वेगाचा हिशेब, यांपैकी काहीतरी जोडल्यावाचून त्या दिशेचे स्थान होत नाही.

मराठी माणूस ‘घाटावर’ आणि ‘कोकणात उतरणे’ असे शब्द वापरतो, त्यांत दिशेबरोबर उंचीही सामावलेली आहे. परक्या वैमानिकास ही बोली ठाऊक नसणार. या प्रदेशाच्या भूरचनेशी अपरिचय हेही एक आनुषंगिक कारण चौकशीने नमूद केले आहे. ते विमान घाट उतरण्याआधीच कोकणाच्या उंचीकडे निघाले होते.