विकरांना चुंबकाचा लगाम

दुधात विरजण घातले की सकाळी दही तयार असते. ते विरजण पुन्हा वेगळे काढता येत नाही. पण गृहिणीचे त्यावाचून अडत नाही, कारण दह्याचाच एक चमचा पुढील रात्रीचे काम भागवितो. रसायनशास्त्रज्ञाचे तसे नाही. जिवंत पेशींत तयार होणारी एंझाइमे, म्हणजेच विकरे, स्वतः खर्ची न पडता पदार्थांत पालट घडवितात. परंतु विरजणासारखी वाढत नाहीत. द्रवात मिसळली की काम संपताच त्याच्याबरोबर वाया जातात. हा अपव्यय टाळावा कसा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर १९१६ साली अमेरिकेत मिळाले. नेल्सन व ग्रिफिन यांनी साखरेचे विघटन करणारे विकर कोळशावर बसविले, तरी त्याचा गुण कायम राहिला. त्याचा कारखान्यात उपयोग होण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले. १९६९ मध्ये जपानातील तनाबे कंपनीने नळीत भरलेल्या कणांना विकर जखडून त्यांवरून द्रव वाहविला. पण द्रव गढूळ असला की अशी नळी तुंबते. तेव्हा १९७३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रॉबिन्सन, डनिल व लिली यांनी विकरांना चुंबकीय आधार दिला. गाळ कितीही असो, चुंबक फक्त आपलेच कण ओढतो!

पुढे हे कण फार सूक्ष्म झाले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांपैकी सुमारे दहा भागांएवढा मॅग्नेटाइटचा एक कण. इतका लहान कण चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकत्व दाखवितो. चुंबक दूर नेला की ते नाहीसे होते आणि कण पुन्हा द्रवात पसरतात. कणावर विशिष्ट विकराला धरून ठेवणारा पदार्थ लावला, तर मिश्रणातून तेवढेच विकर वेचता येते. मग भांड्याला बाहेरून चुंबक लावावा, द्रव ओतून द्यावा, कण धुवावेत आणि विकर सोडवून घ्यावे. विकर कणाला कायमचे जखडले, तर तेच पुन्हा पुन्हा कामास जुंपता येते.

आमच्या वाडीपासून काही मैलांवर, नागपुरातच, या विद्येचा एक धागा सापडतो. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी निघालेली व १९७४ पासून 'नीरी' म्हणून ओळखली जाणारी संस्था येथे आहे. तिच्या संशोधकांनी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर कायटोसान लावलेल्या लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून प्रयोग केले. १९३३ मध्ये केंब्रिज येथे मेल्ड्रम व रफ्टन यांनी रक्तातून वेगळे केलेले हे विकर कर्बवायूचा पाण्याशी संयोग अतिशय वेगाने घडविते. त्यातून पुढे खडूसारखा घन पदार्थ मिळविता येतो.

कोराडीची धुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रयोगाचे महत्त्व सांगावयास नको. मात्र धुराड्यातील वायू तप्त असतो आणि उष्णतेने विकर नासते. म्हणून ते किती वेळा परत मिळते आणि किती दिवस टिकते, याच हिशोबावर त्याची उपयुक्तता ठरेल.