सेवा की श्रम? आरोग्यसेविकांच्या शारीरिक कष्टांचा इतिहास

प्रस्तावना
भिलाई-3 ही छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील वस्ती. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. अशा औद्योगिक परिसरात स्त्रीच्या कष्टांचे दोन हिशेब आढळतात: एक कारखान्यातील, दुसरा रुग्णालयातील आणि वस्तीतील. या घटकात त्यांची तुलना करू.

1. कायदा आणि ओझे
1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 34 नुसार, इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावता येत नव्हते. स्त्रियांसाठी कमाल वजन ठरवण्याचा अधिकार राज्यांना होता. परंतु रुग्णालयातील वॉर्ड म्हणजे कारखाना नव्हे. तेथे परिचारिका व आया 60 किलोच्या रुग्णाला कुशीवर वळवतात, खाटेवरून स्ट्रेचरवर घेतात. रुग्ण पोत्यासारखा धरता येत नाही. तो मध्येच हलतो, शिवाय वाकून उचलावा लागतो. सारा ताण कमरेवर येतो.

2. अपुरे हात
भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. दुसरी सोबतीण नसली की दोघींचे ओझे एकीवर पडते. म्हणून मनुष्यबळाची टंचाई हा परिचारिकेच्या आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

3. मितानिन
छत्तीसगडमध्ये 2002 साली मितानिन कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडीत मितानिन म्हणजे रीतसर जोडलेली मैत्रीण. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ ही योजना आणली. घरोघरी पायपीट, अवेळी गर्भवतीसोबत दवाखाना गाठणे हे त्यांचे काम. पण दर्जा स्वयंसेविकेचा. मैत्रिणीच्या कामाला ना ठरलेले तास, ना साप्ताहिक सुट्टी.

4. तंदुरुस्ती कोणाची जबाबदारी?
पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारा व्यायाम उपयोगी आहेच. मात्र दिवसभर उभे राहून घरी पुन्हा चूल सांभाळणारीला त्यासाठी वेळ कुठून मिळणार? उंची बदलणारी खाट, रुग्ण सरकवण्याची चादर, पुरेशा सहकारी आणि विश्रांती या गोष्टी तिने नव्हे, संस्थेने पुरवायच्या असतात.

समारोप
ज्या कामाला ‘सेवा’ म्हटले गेले, त्यातील वजन मोजायचे राहून गेले. सेवेचा मान राखूनही तिच्याकडे श्रम म्हणून पाहता येते.

विचार करा: तुमच्या गावातील आशाताई एका दिवसात किती चालतात?