राखोलीची नात, पोर्तुगालचा जावई

आमच्या राखोलीच्या घरात सध्या एकच विषय आहे. धाकट्या भावाच्या नातीने पोर्तुगालचा मुलगा पसंत केलाय आणि लग्न तिकडेच करायचं म्हणते. भाऊ म्हणतो, "दादा, ज्यांना इथून घालवलं त्यांच्याच घरी पोरगी द्यायची?" म्हणून हा थोडा इतिहास.

पेशव्यांकडून नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. पुढे वापीकडे इंग्रज आले. आमच्या आजीचं माहेर वापीकडचं. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती परमुलखातच लग्न होऊन आली! अक्षता पडल्या, झालं. दाखला कुणी मागितला नाही.

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके त्या लढ्यात होते. भारतात रीतसर विलीन व्हायला ११ ऑगस्ट १९६१ उजाडला. हिंदू विवाह कायदा देशात १९५५ चा, पण आपल्याकडे लागू झाला १ जुलै १९६५ पासून. तोवरच्या आमच्या घरातल्या लग्नांचा पुरावा म्हणजे पत्रिका आणि चार साक्षीदार.

नातीचं तसं चालायचं नाही. पोर्तुगालच्या नागरी नोंदणी कार्यालयात पासपोर्ट, जन्मदाखला आणि आपल्या देशाच्या कायद्याने ती लग्नाला मोकळी असल्याचा दाखला लागतो. इथल्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का घ्यायचा आणि पोर्तुगीज भाषांतर करून घ्यायचं. लग्न लागल्यावर आपल्या विदेशी विवाह कायद्याखाली, १९६९ च्या, भारतीय वकिलातीत त्याची नोंद करता येते. ती करावीच. उद्या वारसा, पेन्शन किंवा देव न करो पण काडीमोडाची वेळ आली, तर तोच कागद मुलीच्या हातात असतो. बँकेत आयुष्य गेलं. वारसाच्या दाव्यात नातं खरं असूनही कागदावाचून बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

आणखी एक. लग्नाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. पोर्तुगालमध्ये लग्नाला तीन वर्षं झाल्यावर अर्ज करता येतो. पण ते घेतलं की भारताचं सुटतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पणजोबांच्या पिढीने जे सोडलं ते पणतीने घ्यायचं का, हे तिने नीट विचार करून ठरवावं. घाई नको.

भावाला मी इतकंच सांगितलं : आपण घालवलं ते सालाझारचं राज्य. त्यांच्या लोकांनीही ती हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ ला उलथवली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून आपली हवेली भारताची असल्याचं मान्य केलं. भांडण तिथेच मिटलं. आता मुलगा कसा आहे, घर कसं आहे, ते बघ.

तो अजून फुरंगटलेलाच आहे. पण जन्मदाखल्यासाठी काल स्वतःच सिल्वाशाला जाऊन आला.