उजेडाचा हिशेब

घराचा विषय निघाला की आम्हा परळ-लालबागच्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती चौरस फूट?’ पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांनी तो विचारावा, यात नवल नाही. परंतु घराला दुसरेही एक माप आहे, ते उजेडाचे. या मापाचा मुंबईतील इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग शिरला. माणसे हजारोंनी मेली, गिरण्या ओस पडल्या, तेव्हा सरकारला कामगारांच्या खोल्यांतला अंधार दिसला. १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते आणि बागा आल्या, पण त्या मध्यमवर्गाच्या वाट्याला. जुन्या वस्तीत मात्र उजेडाच्या नावाने घरे पाडली गेली आणि तेथला गरीब भाडेकरू शेजारच्या आळीत आणखी दाटीने राहू लागला. उजेड आणायचा म्हणजे आपल्याला उठवायचे, असा धसका कामगाराने घेतला तो तेव्हापासून.

तरीही ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये हिरिरीने मांडलेला एक नियम विसरण्याजोगा नाही. खोलीच्या जमिनीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे.

पुढे १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी. डी. डी. चाळी उठल्या. एकेका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि मधून बंदिस्त बोळ. गिरगावच्या चाळीत गॅलरीत उभे राहिले की आभाळ दिसते. येथे दार उघडले की समोर दुसऱ्याचे दार.

तेव्हा भीती होती ती रोगजंतूंची. आज मेंदूचे शास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. मेंदूच्या तळाशी एक घड्याळ आहे. झोप, भूक आणि अंगाची उष्णता यांची वेळ ते लावते. २००२ साली असे दिसून आले की, डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात आणि दिवस उगवल्याची वर्दी त्या घड्याळाला देतात. या वर्दीला दिवसाचा भरपूर उजेड लागतो. खोलीतला दिवा त्याच्यापुढे फार फिका. उलट, रात्री डोळ्यांवर पडणारा दिवा त्या घड्याळाला फसवतो.

आता १९०५ च्या सुमाराचा काळ आठवा. गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळला तरी यंत्रे थांबेनात. पुढे रात्रपाळ्याही रुळल्या. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या उन्हात घरी येतो; त्याला काळोख हवा, शांतता हवी. त्याच खोलीत मुलाला अभ्यासाला उजेड हवा, बाईला स्टोव्ह पेटवायचा असतो. एका खोलीत दोन घड्याळे चालत नाहीत. दुसरी खोली ही चैन नव्हे, ती झोपेची गरज आहे, हे आमची माणसे अनुभवाने जाणत होती; शास्त्राने त्यावर शिक्का मारला एवढेच.

नवे बांधले म्हणजे उजेड आला, असेही नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर सुटले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडात खालच्या मजल्यांवरचा अंधार व कोंडलेली हवा यांचा क्षयरोगाशी संबंध आढळला. चोवीस मीटर उंचीला ऑरसाहेबांच्या हिशेबाने बारा मीटर सोडावयास हवे होते. गुलामीच्या काळात घातलेला नियम स्वराज्यात सैल व्हावा, ही शरमेची गोष्ट आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंद आहे, तो लढून मिळवलेला आहे. इतर चाळींत अजून करार व्हावयाचे आहेत. माझे सांगणे इतकेच की, सही करण्यापूर्वी नकाशा मागा. समोरची इमारत किती उंच आणि किती दूर, हे विचारा. सर्वांत खालच्या मजल्यावर सकाळी ऊन येईल काय, झोपायची खोली रस्त्याच्या गोंगाटापासून अलग आहे काय, शेजारी भेटतील अशी उघडी जागा ठेवली आहे काय, हेही विचारा. चौरस फुटांसाठी आपण जसे भांडलो, तसे उजेडासाठीही भांडावे लागेल. आणि तेही पाया खणण्यापूर्वी, कारण उभ्या राहिलेल्या दोन भिंतींमधले अंतर मागाहून कोणालाच वाढवता येत नाही.