जावईबापूंचा किल्ट

आमचे जावईबापू स्कॉटिश. त्यांच्या आजोबांनी जन्मात कधी किल्ट घातला नव्हता; यांनी मात्र लग्नासाठी हौसेने शिवून घेतला, घराण्याच्या चौकड्यांचा. साधारण आठ वार लोकरी कापड, म्हणजे आमच्या नऊवारीला एकच वार कमी! मी मागच्या चुण्या उलगडून पाहिल्या. घडीत एवढे कापड गडप होऊनही चौकडा कुठे तुटत नाही. मोठी पिन फक्त पुढच्या वरच्या पदराला. खालच्यालाही टोचली तर कापड ओढते.

‘घराण्याचा’ चौकडा मात्र फारसा पुरातन नाही. स्कॉटलंडमधल्या 1745च्या बंडानंतर, 1746च्या कायद्याने तिथल्या डोंगराळ हायलंड भागातल्या पुरुषांचा हा पोशाख बंद केला: पहिल्यांदा सापडल्यास सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडल्यास सात वर्षे हद्दपारी. सरकारी पलटणींना तेवढी मोकळीक. 1782मध्ये बंदी उठली. मग 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने झाडून सगळ्यांना टार्टनमध्ये, म्हणजे याच चौकड्यांच्या कापडात, बोलावले, आणि खुद्द राजाही किल्टमध्ये, आत गुलाबी तंग विजार! बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांची चांदी झाली. त्यांच्या कित्येक नमुन्यांना आधी नुसते नंबर होते. कुळांची नावे मागाहून चिकटली. 1842मध्ये तर दोन भावांनी जुन्या पोथीच्या नावाखाली चौकड्यांचे बनावट पुस्तकच छापले. त्यातले काही नमुने आजही घराण्यांचे म्हणून विणले जातात.

जावईबापूंना हे सगळे ठाऊक होते. तरी दुकानात कापड निवडले ते आडनाव सांगूनच.