हमरस्ता आणि जकातनाका

११ जून २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल कंपनीच्या वार्षिक परिषदेत जमलेल्या प्रोग्रामरांपुढे स्टीव्ह जॉब्स यांनी जे आश्वासन दिले, ते आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. परंतु मोबाइल फोनवर कोणाचा अंमल चालावा, या वादाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा आरंभ त्याच दिवसापासून करावा लागतो. आयफोन विक्रीस येण्यास तेव्हा अवघे अठरा दिवस उरले होते, आणि या यंत्रासाठी आपल्याला प्रोग्राम कसे लिहिता येतील, हा सभागृहातील प्रत्येकाच्या मनातला प्रश्न होता. जॉब्स यांचे उत्तर असे होते की, त्यासाठी निराळी साधने लागतच नाहीत. फोनमध्ये सफारी हा पूर्ण ब्राउझर आहे, तुम्ही वेबवर प्रोग्राम लिहा, ते फोनच्या अंगच्या प्रोग्रामांसारखेच दिसतील व वागतील, आणि त्यांच्या प्रसारासाठी तुमचा स्वतःचा सर्व्हर पुरेसा होईल. हे उत्तर ऐकणाऱ्यांना रुचले नाही. त्यांना यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोचावयाचे होते. चारच महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला, कंपनीने धोरण बदलल्याचे जाहीर केले. आणि १० जुलै २००८ रोजी ५०० ॲप्स मांडून ॲप स्टोअरचे दालन उघडले. तेथे प्रवेशासाठी परवाना आवश्यक होता, तपासणी होती, आणि विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले तीस दालनाच्या मालकाला द्यावयाचे होते.

अशा रीतीने एकाच फोनवर दोन वाटा निघाल्या. एक वेबची, जिच्यावरून जाण्यासाठी कोणाच्या दस्तकाची गरज नव्हती. दुसरी नाक्यावरून जाणारी. पहिली वाट कोणी बंद केली नाही. ती कशी ओस पडत गेली, हे समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

वेबचे हे परवानामुक्त स्वरूप आपोआप आलेले नव्हते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. तो त्यांनी नेक्स्ट या संगणकावर लिहिला, आणि नेक्स्ट ही ॲपलमधून बाहेर पडलेल्या जॉब्स यांनीच स्थापन केलेली कंपनी होती. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे मूळ तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. या एका कागदाची तुलना मी एखाद्या सनदेशी करीन, फरक इतकाच की सनद एका घराण्याला मिळते आणि ही साऱ्या जगाच्या नावे होती. सांगलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने आज एक पान लिहून सर्व्हरवर ठेवले, तर ते टोकियोत उघडते आणि मध्ये कोणी हरकत घेत नाही, हे त्या कागदाचे फळ आहे.

या सनदेवर पहिले संकट संगणकाच्या काळात आले. नेटस्केप या ब्राउझरला मागे सारण्यासाठी मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजबरोबर जोडून दिला. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने फिर्याद केली, जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा निवाडा झाला आणि वर्षभराने वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. हा मामला सर्वश्रुत आहे. त्यानंतर जे घडले त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ऑगस्ट २००१ मध्ये या ब्राउझरची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यावयास ऑक्टोबर २००६ उजाडला. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, म्हणून पाच वर्षे जगातल्या बहुसंख्य लोकांचा ब्राउझर जागच्या जागी राहिला. आपल्याकडील कित्येक सरकारी संकेतस्थळांच्या पायथ्याशी तर ते इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहावे अशी सूचना त्यानंतरही दीर्घकाळ झळकत असे. रस्ता बंद करावा लागत नाही. ज्याच्याकडे डागडुजीचा मक्ता आहे त्याने हात आखडला तरी काम होते. तरीही त्या काळी सुटकेचा एक मार्ग शिल्लक होता: विंडोजवर कोणालाही दुसरा ब्राउझर बसवता येत होता. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, लोकांनी तो आपणहून घेतला, आणि मायक्रोसॉफ्टला कामाला लागावे लागले.

आयफोनवर नेमका हाच मार्ग राहिला नाही. ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असते. वेबच्या पानाचे सांकेतिक लेखन वाचून त्यातून अक्षरे, वेलांट्या, जोडाक्षरे, चित्रे, बटणे पडद्यावर उमटवणे आणि पानातला प्रोग्राम चालवणे हे सारे काम तेच करते, ब्राउझरचे बाकीचे रूप म्हणजे त्यावरचे कवच. ॲपलच्या नियमावलीने असे ठरवले की, आयफोनवर वेब दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपने कंपनीचे वेबकिट हेच इंजिन वापरले पाहिजे. वेबकिटचे मूळ केएचटीएमएल या इंजिनात आहे, आणि ते इंजिन केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी घडवले होते. त्या सामुदायिक श्रमातून निघालेली वस्तू इतरांच्या इंजिनांना वेशीबाहेर ठेवण्यास कारण व्हावी, याचे मला वाईट वाटते. २०१२ मध्ये आयफोनवर गूगलचा क्रोम आला, २०१५ मध्ये फायरफॉक्स आला. पाट्या निरनिराळ्या झाल्या, भटारखाना एकच राहिला. मुलुंडच्या किंवा दहिसरच्या नाक्यावर जकातीसाठी खोळंबलेल्या मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत (ती जकात १ जुलै २०१७ रोजी संपली), त्यांना तीस टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. परंतु मोटारीला इंजिन कोणाचे असावे, हे त्या नाक्याने कधी ठरवले नव्हते.

येथे मराठी वाचकाच्या अनुभवातली एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण इंजिन ही केवळ तंत्रज्ञांची बाब नाही हे तिच्यामुळे कळते. ज्या काळात आपल्याकडे बहुतेकांच्या हाती साधे बटणांचे फोन होते, त्या काळात त्यांतल्या अनेक फोनांना देवनागरी मुळीच येत नसे. अशा फोनवर मराठी पान उघडले की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरून जात. नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने ऑपेरा मिनी नावाचा लहानसा ब्राउझर काढला होता. त्याचे इंजिन फोनमध्ये नसून दूरच्या सर्व्हरवर असे, आणि पानाचा आटवलेला गोळा तेवढा फोनकडे येई. या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी एक विशिष्ट शब्द लिहिला म्हणजे रचनेची यादी उघडे, आणि तिच्या तळाशी, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे वापरावीत काय, असा एक पर्याय सापडे. तिथे होकार भरला की चौकोनांच्या जागी मराठी उमटू लागे, कारण सर्व्हर प्रत्येक अक्षर चित्ररूपाने पाठवू लागे. ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला. फोन बनवणाऱ्याने जी लिपी दिली नव्हती ती एका परक्या ब्राउझरने दिली. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने हाच ऑपेरा मिनी आयफोनवर येऊ दिला, आणि तो येऊ शकला तो त्याचे इंजिन फोनच्या बाहेर होते म्हणून.

वेबची वाट कशी ओसाड झाली हे पाहावयाचे तर सूचनांचे उदाहरण घ्यावे. एखादे ॲप बंद असतानाही फोनवर संदेश झळकतो. वर्तमानपत्राला, दुकानाला, बँकेला ही सोय जीव की प्राण वाटते. क्रोमने ती वेबला २०१५ मध्ये दिली. आयफोनवर ती वेबला मिळाली मार्च २०२३ मध्ये, तीही वापरणाऱ्याने ते पान आधी होम स्क्रीनवर नेऊन ठेवले असेल तरच. आठ वर्षे हा मोबाइलच्या जगात फार मोठा काळ आहे, आणि त्या आठ वर्षांत ज्याला व्यवसाय करावयाचा होता त्याने निमूटपणे नाक्यावरची वाट धरली. लंडनच्या फायनान्शियल टाइम्ससारख्या एखाद्याच वर्तमानपत्राने २०११ मध्ये वर्गणीतला वाटा आणि वर्गणीदारांची माहिती या दोन कारणांवरून ॲप मागे घेऊन वेबवर विसंबण्याचे धैर्य दाखवले.

अँड्रॉइडचा मामला अधिक मिश्र आहे, आणि त्याविषयी लिहिताना न्यायबुद्धी जागी ठेवली पाहिजे. तेथे दुसऱ्या इंजिनाला मज्जाव नाही, आणि वेबवरच्या ॲप्सना सामर्थ्य देण्यात गूगलच्या लोकांचा वाटा मोठा आहे. बंगळूरच्या फ्लिपकार्टने २०१५ मध्ये मोबाइलवरचे संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर भिस्त ठेवली होती, तिच्या मालकीच्या मिंत्राने तर सगळे संकेतस्थळच बंद केले. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये क्रोमच्या साहाय्याने फ्लिपकार्टने वेबवर चालणारे हलके दुकान उघडले, आणि पुढच्या वर्षी मिंत्राही वेबवर परतली. स्वस्त फोन, अपुरी जागा आणि अडखळणारे नेटवर्क यांच्या देशात जड ॲप उतरवून घेणे प्रत्येकाला परवडत नाही, हा धडा भारताने स्वतःच्या अनुभवाने घेतला. फोनच वेबवर उभारण्याचा, फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिलाचा प्रयत्नही भारतातच सर्वांत दूरवर पोचला: फायरफॉक्स ओएस मोठ्या बाजारात टिकले नाही, पण त्यातून निघालेले कायओएस २०१७ च्या जिओफोनात आले, आणि १५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर वेबच्या तंत्राने चालणारा फोन खेड्यापाड्यांत शिरला. त्यातही ॲप्सचे एक दालन होतेच.

मात्र गूगलचाही नाका होता. प्ले स्टोअर हवे असेल तर फोन बनवणाऱ्याने क्रोम आणि गूगल शोध आधीच बसवून द्यावे, ही अट युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये बेकायदा ठरवली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा आणि पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड फर्मावला. अपिलात यांतले सगळेच टिकले नाही.

ॲपलच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही. एकच इंजिन असले की त्यातले छिद्र एकदा बुजवले म्हणजे सर्वत्र बुजते. शिवाय वेबकिटची सक्ती उठली तर आयफोनवरही गूगलच्याच इंजिनाचे राज्य होईल आणि इंटरनेट एक्स्प्लोररचा काळ दुसऱ्या नावाने परत येईल, अशी भीती वेबवर मनापासून प्रेम करणाऱ्या लोकांनीही बोलून दाखवली आहे. ती भीती मलाही वाटते. पण एका मक्तेदाराला आवर घालण्यासाठी दुसऱ्याचा मक्ता राखावा, हे मला पटत नाही. आणि ज्याचे दालन वेबच्या दुर्बलतेवर चालते त्याच्याच हाती वेबच्या इंजिनाची मुखत्यारी असावी, हे तर मुळीच पटत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने जून २०२२ च्या अहवालात या सक्तीवर बोट ठेवले, जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये कायदा केला. युरोपचा कायदा याआधीच झाला होता, त्याने अशा कंपन्यांना द्वारपाल असेच नाव दिले आणि त्यांच्यावरची बंधने ७ मार्च २०२४ पासून लागू होणार होती.

त्या तारखेच्या आधीचा आठवडा माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका आहे. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून भारतातील दहा कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढण्यास सुरुवात केली; त्यांत मुंबईच्या शादी डॉट कॉमचे ॲप होते. ऐन लग्नसराईत ॲप दिसेनासे झाले. मंत्र्यांची मध्यस्थी होऊन काही दिवसांत ॲप्स परत आली. पण मधल्या दिवसांतही या कंपन्यांची संकेतस्थळे ब्राउझरमध्ये पूर्ववत उघडत होती, कारण ती काढण्याचा अधिकार त्या दालनाला नव्हता.

त्याच १ मार्चला ॲपलने एक निवेदन काढले. नव्या कायद्याने दुसऱ्या इंजिनांना वाट द्यावी लागणार, तर होम स्क्रीनवरच्या वेब ॲप्सची सुरक्षितता पुन्हा उभारावी लागेल आणि ती वापरणारे थोडे आहेत, असे कारण देऊन कंपनीने फेब्रुवारीत युरोपीय संघापुरती ती ॲप्सच बंद करण्याचे ठरवले होते. म्हणजे जॉब्स यांनी २००७ मध्ये दिलेले वचन युरोपात सतराव्या वर्षी संपणार होते. वेबवर काम करणाऱ्या हजारो लोकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या, युरोपीय आयोगाने विचारणा सुरू केली, आणि १ मार्चला कंपनीने निर्णय मागे घेतला. होम स्क्रीनवरची वेब ॲप्स युरोपात पूर्वीप्रमाणेच चालू राहतील, आणि ती पूर्वीप्रमाणेच वेबकिटवर बांधलेली असतील, असे त्या निवेदनात म्हटले होते.